मोजायला उशीर झालेलं धान्य : कुटचा वेढा, १९१५-१६

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी फौज उतरवली तिच्यातली सहावी डिव्हिजन पुण्याची होती. कागदोपत्रीही तिला ‘पूना डिव्हिजन’ म्हणत. १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ मराठा अशा तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. शिवाय पंजाबी, राजपूत आणि गुरखा पलटणी होत्या, आणि नॉरफोक, डॉर्सेट अशा गोऱ्या पलटणीही. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा पडले, सप्टेंबर १९१५ च्या अखेरीस तैग्रिस नदीवरचे कुट-अल-अमारा हाती आले आणि वरिष्ठांना बगदाद दिसू लागले. २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे टेसिफोनजवळ तुर्की सैन्याशी गाठ पडली. तिथे इतकी माणसे कामी आली की पुढे जाणे शक्यच नव्हते. डिव्हिजन मागे फिरली आणि ३ डिसेंबर १९१५ ला दमलेली, जखमींनी भरलेली अशी कुटमध्ये शिरली.

या फौजेच्या तोंडात पडणारा घास फार लांबून यायचा. आटा, डाळ, तूप, गूळ हिंदुस्थानातून जहाजाने बसऱ्याला जात असे. बसऱ्याला मोठ्या जहाजासाठी नीट धक्का नव्हता. माल नदीतच लहान होड्यांत उतरवावा लागे आणि जहाजे त्यासाठी ताटकळत राहत. पुढचा प्रवास तैग्रिस नदीने. नदी वळणावळणाची, पाणी उथळ, आणि त्या पाण्यात चालणाऱ्या आगबोटी मोजक्याच. आघाडी जितकी वर सरकली तितकी प्रत्येक बोटीची फेरी लांबली, बोटी मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. कुटची गोष्ट सांगताना बहुतेक जण वेढ्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती बसऱ्याच्या बंदरापासून सांगायला हवी. डिसेंबरात तुर्कांनी जी वाट बंद केली ती त्याआधीच अर्धी आटलेली होती.

कुट हे नदीच्या वळणात अडकलेले गाव. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला उघडी जमीन. शिबंदीला बचावाला सोपे आणि वेढा घालणाऱ्यालाही तितकेच सोपे.

या लिखाणात सेनापतींची नावे घेतली आहेत, कारण ती सार्वजनिक इतिहासात आहेत. कोठारावरचे कारकून, दुकानदार, शिपाई यांचा उल्लेख कामावरूनच केला आहे.

अडचण

७ डिसेंबरला वेढा पक्का झाला. आत सुमारे ११ हजार लढणारे होते. त्यांच्याबरोबर साडेतीन हजारांच्या आसपास भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, खेचरवाले असे छावणीचे लोक, ज्यांना आपल्याकडच्या बखरींत बाजारबुणगे म्हटले जाई. गावचे रहिवासी सहा हजारांच्या घरात. म्हणजे वीस हजारांवर माणसे, आणि त्यांच्या जोडीला तीन हजारांच्या आसपास घोडे आणि खेचरे.

डिव्हिजनचे सेनापती मेजर-जनरल चार्ल्स टाउनशेंड यांनी कुटला पोहोचताच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या मुख्यालयाला तार केली : गोऱ्या सैनिकांपुरता एक महिन्याचा आणि हिंदी सैनिकांपुरता दोन महिन्यांचा पूर्ण शिधा आहे, दारूगोळा भरपूर आहे. वीस वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या किल्ल्यात त्यांनीच दीड महिना वेढा सोसला होता आणि कुमक येऊन सुटका झाली होती. तोच नमुना त्यांच्या डोळ्यासमोर होता.

या तारेतला आकडा म्हणजे या प्रकरणाची किल्ली. तो खोटा नव्हता. सरकारी कोठारात जे होते त्याचा तो हिशेब होता. पण गावातल्या घरांत, व्यापाऱ्यांच्या वखारींत, भिंतीआड किती धान्य आहे ते त्यात धरलेले नव्हते. जनावरे त्यात खाणारी म्हणून होती, खाद्य म्हणून नव्हती. आणि तो पूर्ण शिध्याचा हिशेब होता. खालच्या मुख्यालयात मात्र तो ‘एवढे दिवस टिकू’ असा वाचला गेला.

दुसरी अडचण शिध्याच्या रचनेतच होती. एकाच फौजेत दोन वेगळी स्वयंपाकघरे होती. गोऱ्या सैनिकाला पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस. हिंदी सैनिकाला दिवसाला दीड पौंड आटा, डाळ, तूप, गूळ, आणि जो मांस खातो त्याला बकऱ्याचे किंवा मेंढीचे मांस. शांततेच्या काळात ही विभागणी सोयीची होती. वेढ्यात मात्र एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्यातून भरता येईना.

भाजीपाला जवळजवळ नव्हताच. जळणही कमी. आणि जव असला तरी तो दाण्याच्या रूपात. जात्यावाचून त्याची भाकरी होत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न मुळात थांबायचे की नाही हाच होता. आणखी खाली सरकले असते तर बसऱ्याशी अंतर कमी झाले असते आणि कुमकेला पुढे यायला सोपे गेले असते. पण माणसे चालून चालून मोडली होती, आणि कुटमध्ये जमवलेला साठा जाळून किंवा शत्रूला सोडून जावे लागले असते. कुमकेला दोन महिने लागतील असे कळल्यावर टाउनशेंड यांनी नदीच्या खालच्या अंगाच्या अली-अल-गर्बीपर्यंत मागे येण्याचा विचार बोलून दाखवला. सरसेनापती निक्सन यांनी तो मान्य केला नाही. हे दोन-तीन दिवसच खरी निवड करण्याचे होते, नंतर दार बंद झाले.

दुसरा प्रश्न, आत कोणाला ठेवायचे. घोडदळाची ब्रिगेड ६ डिसेंबरला बाहेर काढली, जखमींना आणि बोटींना आधीच खाली पाठवले. वैरण वाचली, हा निर्णय चांगला होता. सहा हजार रहिवाशांचे काय, यावर मतभेद झाला. लष्करी हिशेबाने त्यांना बाहेर घालवणे सोयीचे होते. राजकीय अधिकारी पर्सी कॉक्स यांनी विरोध केला : डिसेंबरच्या थंडीत बायकामुलांना उघड्या वाळवंटात लोटले तर ती मरतील. मग बाहेरून आलेले काही शेकडा लोक तेवढे काढले आणि बाकीचे राहू दिले. या निर्णयाची किंमत धान्यात मोजावी लागली हे खरेच. तरीही मला तो बरोबर वाटतो. चूक त्यांना ठेवण्यात झाली नाही. त्यांना ठेवल्यावर त्यांच्या घरातला साठा त्याच आठवड्यात मोजला नाही, ती खरी चूक.

तिसरा प्रश्न शिध्याचा. पहिल्या दिवसापासून कपात करायची, की कुमक येईपर्यंत माणसांना धडधाकट ठेवायचे? कपातीच्या विरोधातला युक्तिवाद पोकळ नव्हता. खंदक खणायचे होते, रात्रंदिवस पहारे होते, आणि कुमक जवळ आली की आतून बाहेर पडून तिला हात द्यायचा होता. उपाशी माणसाकडून हे होत नाही. शिवाय शिधा कापला की कुमकेवर आपला विश्वास नाही असे सैनिकांना वाटेल, ही भीती. घोडे-खेचरांचेही तेच : बाहेर पडायची वेळ आली तर ओझे वाहायला जनावरे हवीत, म्हणून ती राखायची.

प्रत्यक्षात काय झाले

पूर्ण शिधा चालू राहिला. डिसेंबर गेला, जानेवारीचेही तीन आठवडे गेले.

बाहेर जनरल आयल्मर कुमकेची फौज घेऊन घाईने वर येत होते. घाईचे कारण तारेतला तो आकडा. हिंदुस्थानातून आणि फ्रान्सहून आलेल्या पलटणी पूर्ण जमण्याआधीच, तोफा आणि इस्पितळे मागे ठेवून, त्यांना पुढे ढकलले गेले. ६ ते ८ जानेवारीला शेख सादची लढाई, १३ ला वादी, २१ ला पावसात आणि चिखलात हन्ना. तीन लढायांत मिळून आठ हजारांवर माणसे मेली किंवा जायबंदी झाली, आणि तुर्कांची फळी फुटली नाही. हन्नाच्या जखमींना चिखलातून उचलायला पुरेशा गाड्या नव्हत्या, खाली न्यायला पुरेशा बोटी नव्हत्या.

हन्ना फसल्यावर कुटमध्ये शिधा निम्म्यावर आणला आणि घराघरांची झडती सुरू झाली. जव मोठ्या प्रमाणात सापडला. २५ जानेवारीच्या सुमारास टाउनशेंड यांनी कळवले : ८४ दिवस पुरेल इतके अन्न आहे, आणि त्यात तीन हजार जनावरे धरलेली नाहीत.

ही बातमी खालच्या मुख्यालयात वाचली गेली तेव्हा तिथल्या माणसांना काय वाटले असेल? ज्या मुदतीच्या धाकाने त्यांनी तीन लढाया घाईने लढल्या, ती मुदत एका झडतीने अडीच महिने पुढे गेली होती. आणि ८४ दिवसांचा हिशेब नंतर जवळपास खरा ठरला : २५ जानेवारीपासून मोजले तर तो १८ एप्रिलला संपतो, आणि कुट २९ एप्रिलला पडले. म्हणजे मोजायची पद्धत येत होती, ती सात आठवडे वापरली नाही एवढेच.

धान्य मिळाले तरी दळणाचा प्रश्न उरलाच. जात्याचे दगड हवे होते. ते बाहेरून विमानाने आणून टाकले गेले. १९१६ साली सत्तर-एक पौंडांचा दगड विमानातून खाली सोडणे म्हणजे काय, हे त्या काळच्या विमानांचा हलका सांगाडा पाहिला की समजते. भाजीचे बी मागवून गावाजवळ वाफेही केले. माणसे हिरवे काही दिसेल ते खुडून उकडू लागली.

जनावरे कापायला सुरुवात झाली ती या टप्प्यावर. गोऱ्या पलटणींनी घोड्याचे मांस कुरकुरत का होईना खाल्ले. हिंदी पलटणींपैकी बहुतेकांनी नाकारले. हिंदू, मुसलमान, शीख सगळ्यांनीच. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘संकटात चालेल’ अशी परवानगी तारेने मागवली, ती आली, पलटणींना वाचून दाखवली. तरी माणसे तयार होईनात. त्यांचा अडथळा शास्त्राचा कमी आणि गावाचा जास्त होता. उद्या घरी गेल्यावर पंगतीला कोण घेईल, बहिणीचे लग्न कुठे जमेल, मुलाला सोयरीक कोण देईल, ही चिंता दूरच्या पंडिताच्या किंवा मौलवीच्या तारेने जात नाही. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या शिपायाला आपली भावकी काय म्हणेल हे धर्मगुरूपेक्षा नेमके माहीत होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पीठ अगदी तळाला गेल्यावर आणि वरून सक्तीची भाषा आल्यावर, बहुसंख्य हिंदी सैनिक ते मांस खाऊ लागले. तोवर त्यांच्या अंगातले बळ गेले होते.

८ मार्चला दुजैला येथे कुमकेचा आणखी एक मोठा प्रयत्न फसला. एप्रिलमध्ये सन्नैयात येथे तीन हल्ले झाले, तेही वाया गेले. शिधा उतरत उतरत शेवटी दिवसाला चार-पाच औंस पिठावर आला. चार औंस म्हणजे हिंदी शिपायाच्या पूर्ण आट्याचा सहावा भाग, एखाद-दुसरी पातळ भाकरी.

१५ एप्रिलपासून विमानांनी अन्न टाकायला सुरुवात झाली. इतक्या मोठ्या शिबंदीला आकाशातून पोसण्याचा हा जगातला पहिलाच प्रयत्न. पोती पंखांखाली बांधत, काही नदीत पडत, काही तुर्कांच्या खंदकात. दोन आठवड्यांत आत पोहोचले सुमारे १६,८०० पौंड, म्हणजे साडेसात टनांच्या आसपास. आतल्या माणसांवर वाटले तर माणशी जेमतेम चारशे ग्रॅम, आणि तेही दोन आठवड्यांचे मिळून. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ ही आगबोट २७० टन माल भरून अंधारात वर सोडली. मगासिसजवळ नदीत आडव्या ताणलेल्या साखळदंडाला ती अडकली. तिच्यावरचे दोन्ही अधिकारी, फर्मन आणि काउली, प्राणाला मुकले. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

परिणाम

२९ एप्रिल १९१६ ला कुटने शरणागती दिली. तेरा हजारांवर माणसे कैद झाली. त्याआधी मोठी रक्कम देऊन शिबंदी सोडवून घेण्याचा प्रयत्न झाला होता, तुर्कांनी तो धुडकावला. सुटकेसाठी झगडणाऱ्या फौजेची हानी सुमारे २३ हजार. म्हणजे आत अडकलेल्या सैन्यापेक्षा किती तरी जास्त माणसे त्यांना सोडवताना गारद झाली.

कैदेतला प्रवास वेढ्यापेक्षा वाईट निघाला. उपासाने खंगलेल्या माणसांना उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेले. सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून अधिक परतले नाहीत. हिंदी शिपायांतही मृतांची संख्या मोठी आहे. गावातल्या काही रहिवाशांना इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून फाशी दिले गेले.

वैद्यकीय बाजूने कुट हे एक वेगळेच प्रकरण ठरले. पांढरा मैदा खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी (ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाला, हिंदी सैनिकांना फारसा नाही, कारण त्यांच्या आट्यात कोंडा होता. उलट हिंदी सैनिकांत स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) पसरली, हिरड्या सुजल्या, पाय आखडले, जुन्या जखमा भरेनात. घोड्याचे ताजे मांस खाणाऱ्या गोऱ्यांत ती कमी होती. फेब्रुवारीत मैदा संपला, गोऱ्यांनाही जवाचे आणि आट्याचे मिश्र पीठ मिळू लागले, आणि त्यांचा बेरीबेरी ओसरू लागला. डिव्हिजनचे मुख्य वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहिर यांनी हे नोंदवून ठेवले. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा नुकते आकार घेत होते. एकाच गावात, एकाच वेळी, दोन वेगळ्या शिध्यांवरच्या दोन जमावांना दोन वेगळे आजार व्हावेत, इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

लंडनमध्ये चौकशी आयोग बसला. १९१७ साली अहवाल आला. बोटींची टंचाई, बसऱ्याचे बंदर आणि हिंदुस्थान सरकारची काटकसर यांवर त्यात बोट ठेवले होते. वेढा चालू असताना दहा-बारा हजार ताजे सैनिक केवळ वर न्यायला बोटी नाहीत म्हणून बसऱ्याकडे पडून होते. हिंदुस्थान खात्याचे मंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तोवर मेसोपोटेमियातले नवे सेनापती जनरल मॉड यांनी आधी बंदर, बोटी, रेल्वे उभी करून मगच फौज हलवली होती. फेब्रुवारी १९१७ मध्ये कुट परत घेतले, ११ मार्चला बगदाद.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी झडती. ७ डिसेंबरच्या आठवड्यात, व्यापाऱ्यांना रोख मोबदला देऊन, घरमालकाला त्याच्या कुटुंबापुरते ठेवू देऊन, गावातले धान्य नोंदवता आले असते. ते धान्य तेव्हाही तिथेच होते, बहुधा जानेवारीपेक्षा जास्तच. तसे झाले असते तर पहिल्या तारेत ‘एक महिना, दोन महिने’ याऐवजी ‘निम्म्या शिध्यावर एप्रिलपर्यंत नक्की’ असे लिहिता आले असते. मग आयल्मरना जानेवारीत तोफांवाचून चिखलात घुसावे लागले नसते. कुमक नक्की पोहोचली असती असे मी म्हणत नाही. तुर्कांनाही तितकाच जास्त वेळ मिळाला असता आणि त्यांची फळी भक्कमच होत गेली होती. पण ते आठ हजार तरी त्या तीन आठवड्यांत तसे खर्ची पडले नसते.

दुसरी गोष्ट कपातीची. ७ डिसेंबर ते २१ जानेवारी असे ४५ दिवस पूर्ण शिधा चालला. त्यातला चौथा हिस्सा जरी राखला असता तरी निम्म्या शिध्यावर आणखी तीन आठवडे निघाले असते, आणि शेवटच्या चार-पाच औंसांवर तर त्याहून किती तरी जास्त. माणसे धडधाकट असताना केलेली चौथाई कपात सोसते. एप्रिलमध्ये हाडे उघडी पडल्यावर केलेली सोसत नाही. सैनिक खचतील या भीतीबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की चित्राल, लखनौ अशा वेढ्यांच्या गोष्टी त्या पलटणींत तोंडपाठ होत्या. वेढ्यात शिधा कापतात हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जनावरांचा हिशेब मला सर्वांत जास्त खटकतो. जनावराला दिवसाला दोन किलो जव असा हात राखून अंदाज धरला, तरी तीन हजार जनावरांना रोज सहा टन लागतो. विमानांनी जिवावर उदार होऊन दोन आठवड्यांत जेवढे आत टाकले, तेवढे ही जनावरे डिसेंबरात सव्वा दिवसात खात होती. ओझ्यासाठी काही खेचरे ठेवणे समजू शकते. तीन हजार ठेवणे हे बाहेर पडण्याच्या आशेवर होते, आणि बाहेर पडण्याचा हुकूम कधी निघालाच नाही. डिसेंबरात निम्मी जनावरे कापून मांस खारवता किंवा वाळवता आले असते का, हे मीठ आणि जळण किती होते यावर अवलंबून. न खारवताही, त्यांचा वाचलेला जव माणसांच्या पोटात गेला असता.

शिध्याची दोन खातीही पहिल्याच महिन्यात एक करता आली असती. बेरीबेरी झालेल्याला आट्याची रोटी देणे हे औषधाइतकेच सोपे होते, आणि आटा बाजूच्याच कोठारात होता. ते फेब्रुवारीत घडले, तेही मैदा संपला म्हणून. घोड्याच्या मांसाचा प्रश्न याहून अवघड. दूरच्या धर्मगुरूच्या तारेपेक्षा आतल्या सुभेदार-जमादारांना डिसेंबरातच एकत्र बसवून, पलटणीने पलटण मिळून निर्णय घ्यायला सांगितले असते तर वेगळे घडण्याची शक्यता होती. एकट्याने खाल्ले तर तो वाळीत पडेल. अख्ख्या पलटणीने, आपल्या सुभेदारासमोर, एकाच दिवशी खाल्ले तर गावी कोण कोणाला बोल लावणार? भरती तर गावागावांतून आणि भावकीतूनच झालेली होती. ज्यांच्या धाकाने शिपाई तोंड फिरवत होता, त्यांतले बरेचसे त्याच खंदकात शेजारी बसलेले होते.